आसा राजाचा पाय

इस्राएलाच्या राजांचा निवाडा आजवर पुष्कळांनी केला असेल. परंतु त्या सर्वांत कठोर, सर्वांत चिवट आणि सेवानिवृत्तीनंतरही न्यायासन न सोडणारा न्यायाधीश अंधेरी पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच्या दारामागे राहतो, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. ज्यांना ते फुगवलेले वाटेल त्यांनी कोणत्याही शनिवारी उन्हे उतरल्यावर पंपाच्या खोलीजवळच्या बाकावर येऊन बसावे. शौल, दावीद, शलमोन, अहाब ही हजारो वर्षांपूर्वी माती झालेली मंडळी तिथे आजही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जातात, त्यांची उलटतपासणी होते, आणि निर्दोष सुटणारे फार थोडे असतात. त्या बाकावरचा दुसरा माणूस म्हणजे मी. माझे काम हरकती घेण्याचे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हे लिहिण्याचे प्रयोजनच ते आहे. माझ्या या शेजाऱ्याच्या पायाचे जे प्रकरण झाले, त्याच्या तीन आवृत्त्या सध्या सोसायटीत फिरत आहेत. पहिली आमच्या चेअरमनची: म्हणे त्यांनी खडसावल्यामुळे शेजारी इस्पितळात गेला. दुसरी तळमजल्यावरच्या बाईंची: म्हणे परदेशातल्या लेकीने व्हिडिओ कॉलवर हंबरडा फोडला, आणि बापाला पाझर फुटला. तिसरी गेटजवळ उभ्या राहणाऱ्या तरुण मंडळींची: "काय नाय, अंकलची फाटली." या तिन्ही आवृत्त्या खोट्या आहेत. मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य काढले आहे. ऐकीव पुराव्याची किंमत मला शिकवण्याचे कारण नाही. त्या दुपारी दारात मी उभा होतो. हे तिघेही नव्हते. चेअरमन मागाहून आले. त्यांची फक्त गाडी खरी.

तर शेजारी. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. त्याचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथे तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिले. आडनावात अलिबागकडचे गाव आणि शेवटी 'कर'. मी मालवणकडचा, त्यामुळे आम्हा दोघांत समुद्र एक आणि मासळीवरून भांडण कायमचे. खवल्याचा मासा तेवढा त्याला चालतो. कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या या साऱ्या सृष्टीकडे त्याने जन्मापासून पाठ फिरवलेली आहे, आणि आमच्या घरी तिसऱ्या असल्या की तो जिन्यात उभा राहून वास घेतो व "वास घ्यायला शास्त्राची मनाई नाही," असे स्वतःलाच बजावून आत जातो. मटणात त्याच्या घरी नारळाचे दूध पडते, गाईचे कधीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी दिवा लावतात आणि भिजवलेल्या काळ्या मनुकांच्या सरबताचा एक पेला समोरच्या दारातून आमच्याकडे येतो. तो पेला आला नाही असा शुक्रवार मला आठवत नाही. चुकलो; एक आठवतो. तो पुढे येईल.

नोकरी त्याने केली साकीनाक्याला, एका इंजिनीअरिंग कारखान्यात, क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. आमच्या नव्या वॉचमनला हे कोणीतरी अर्धवट सांगितले. 'इन्स्पेक्टर' एवढाच शब्द त्याच्या डोक्यात राहिला, आणि तेव्हापासून तो शेजाऱ्याला रोज कडक सलाम ठोकतो. शेजाऱ्याने हा गैरसमज दूर केलेला नाही. कारखान्यात त्याचे काम एवढेच: यंत्रावरून आलेला प्रत्येक जिन्नस हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचे, आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा. पास, रिवर्क म्हणजे दुरुस्तीला परत, किंवा स्क्रॅप म्हणजे भंगारात. गेज म्हणजे मापाचा पक्का नमुना; जिन्नस त्यात बसला तर बसला, नाही बसला तर मालक येऊन रडला तरी बसत नाही. कारखाना बंद पडला, तिथे आता काचेचे ऑफिस उभे आहे, पण हे तीन शब्द त्याच्या जिभेवर राहिले ते राहिलेच. माझ्या बायकोचा उपमा एकदा रिवर्कला परत गेला आहे. सोसायटीच्या योगवर्गावर जुन्या साठ्ये गुरुजींच्या जागी आलेल्या तरुणाला त्याने पहिल्याच सकाळी स्क्रॅप केले. मोकळ्या झालेल्या या प्रचंड न्यायशक्तीला पुरेल असा माल सोसायटीत नव्हता, म्हणून त्याने राजे घेतले.

राजांसाठी त्याचे गेज एकच. इतर लोक राजाची लढाई पाहतात, खजिना पाहतात, देऊळ किती मोठे बांधले ते पाहतात. शेजारी म्हणतो, "ते सगळं पेंटिंग झालं. पेंट खरवडून बघ. एकच बघायचं: कुणीतरी येऊन तोंडावर सांगितलं, बाबा रे तू चुकलास, तर त्याने काय केलं? बास. तिथे जो बसला तो राजा. बाकीचे मुकुट घातलेले खिळे."

या गेजातून त्याने एकेक राजा सरकवून पाहिला आहे. शौलाला शत्रूची गुरेमेंढरे ठेवू नकोस अशी आज्ञा होती. त्याने चांगली चांगली ठेवली, आणि संदेष्टा विचारायला आला तेव्हा मागे मेंढरे ओरडत असताना "मी आज्ञा पाळली" म्हणाला. वर लोकांवर ढकलले. "माल आत ओरडतोय आणि हा म्हणतो गोडाऊन रिकामं! स्क्रॅप." दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली, नवऱ्याला मारवले, नाथान संदेष्ट्याने त्याला एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून त्याच्याच तोंडून निकाल वदवला आणि म्हटले, तो माणूस तूच. दावीद म्हणाला, मी पाप केले. "एक वाक्य," शेजारी बोट वर करतो, "एका वाक्यात माणूस गेजात बसला. गुन्हा शौलापेक्षा मोठा, पण रिवर्क होऊन पास."

शलमोनावर आमचे जबर मतभेद आहेत, आणि गंमत अशी की ते उलटे आहेत. एका बाळावर दोन आयांनी हक्क सांगितला आणि ते कापून वाटा म्हणताच खरी आई कळवळली, त्या निकालावरून सारे जग शलमोनाला शहाणा म्हणते. शेजारीही निकालापुरते पूर्ण गुण देतो. माझी हरकत तिथेच आहे. शपथ नाही, साक्षीदार नाही, नोंद नाही, एकदम तलवार मागवली! दोघी जर एकदम "नको, मारू नका" म्हणाल्या असत्या तर? अपिलात टिकला नसता तो निकाल. हे मी प्रत्येक फेरीत सांगतो आणि प्रत्येक वेळी शेजारी बाकावर हात आपटून हसतो. "अरे शिरस्तेदार, तुझ्या कोर्टात त्या पोराचं लग्न झालं असतं निकाल लागेपर्यंत!" त्याची शलमोनाबद्दलची तक्रार निराळी आहे: सुरुवात उत्तम, फिनिशिंग खराब. लोकांना वेठीला धरून बांधकामे, आणि म्हातारपणी सातशे राण्या. हे तो सांगत असताना एकदा वहिनी भाजीची पिशवी घेऊन बाकावरून जात होत्या. तो म्हणाला, "सातशे! आणि इथे एकटीसुद्धा ऐकत नाही." वहिनी थांबल्या नाहीत. "मी एकटी सातशेंचं काम करते, म्हणून ऐकायला वेळ नाही," असे म्हणून जिना चढून गेल्या. शेजारी बराच वेळ बदामाच्या झाडाकडे पाहत होता.

शलमोनाचा मुलगा रहबाम हा शेजाऱ्याचा विशेष लाडका गुन्हेगार. लोक म्हणाले जोखड हलके कर. म्हाताऱ्यांनीही तोच सल्ला दिला. पण याने बरोबरीच्या पोरांचे ऐकले आणि दरबारात सांगितले, माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेहून जाड आहे. राज्याचे दोन तुकडे. आमच्या नव्या कमिटीने पाण्याची वेळ बदलली तेव्हा शेजारी सर्वसाधारण सभेत उभा राहिला आणि रहबामाची साद्यंत हकीगत सांगून, स्वतःची करंगळी चेअरमनच्या नाकासमोर धरून खाली बसला. सभेतल्या कोणालाही काही कळले नाही. तळमजल्यावरच्या बाईंना वाटले, काका स्वच्छतागृहाला जायची परवानगी मागत आहेत. पाण्याची वेळ मात्र पुन्हा पूर्वीची झाली. ती पाण्याच्या दाबामुळे झाली असे चेअरमन म्हणतात. त्यांनी म्हणावे.

असे ओळीने राजे घेत घेत आम्ही योशीयापर्यंत पोहोचतो. योशीया चांगला, जुने शास्त्र सापडले, त्यात आपल्या घराण्याच्या चुका वाचून त्याने कपडे फाडले, पास. त्यानंतर राहतात चार राजे, एकाहून एक नादान, आणि शेवटच्याच्या डोळ्यांदेखत सारे संपते. हे चार शेजारी एका बैठकीत उरकत असे. "भंगाराचा टेंपो आला," म्हणायचा, चौघांना एकदम आत फेकायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शौल. शनिवारी तो लेखणीला हात लावत नाही, त्यामुळे हे सर्व तोंडी. पण त्याच्या तोंडी नोंदीत काडीचा फरक पडत नाही, हे मी, ज्याने जन्मभर नोंदी तपासल्या, सांगतो आहे.

आता आसा. फुटलेल्या दोन राज्यांपैकी यहूदाचा हा राजा आयुष्याचा बराच काळ नीट वागला. म्हातारपणी त्याचे पाय दुखणाईत झाले, दुखणे फार वाढले, आणि शास्त्रात लिहिले आहे की त्या दुखण्यातही त्याने देवाकडे धाव घेतली नाही, वैद्यांकडे घेतली. आणि तो मेला. आसा स्क्रॅप. इतकी वर्षे हा निकाल मी बाकावर ऐकत होतो. तो निकाल एके दिवशी तिसऱ्या मजल्यावर अंमलबजावणीला येईल, असे मला वाटले नव्हते.

शेजाऱ्याला मधुमेह जुना. नव्या सँडलने उजव्या पायाच्या करंगळीला चावा घेतला, त्याची जखम झाली. कोणाला सांगितले नाही. बाकावर येताना तो मोजे घालून येऊ लागला; मे महिन्यात, अंधेरीत, मोजे! मी विचारले, तर म्हणाला, "स्टाईल." मग चालताना पाय ओढू लागला. मग एका शनिवारी बाकावर मला वास आला. दिवाणीत येण्याआधी मी फौजदारी न्यायालयात जुन्या मुद्देमालाच्या खोलीत काम केले आहे. तो वास कसला ते मला कळले. मी म्हटले, "मोजा काढ." तो म्हणाला, "आज हिज्कीया राजाची पाळी. त्याच्यावर बोल." मी खाली वाकून मोजा ओढला. करंगळी जांभळी नव्हती, काळी होती.

"डॉक्टरकडे चल."

"आसा डॉक्टरकडेच गेला होता."

मला आधी वाटले, थट्टा आहे. थट्टा नव्हती. म्हणाला, सकाळी प्रार्थना वाढवली आहे, नवसाला पावणाऱ्या एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, सांगितले आहे, पाय बरा होईल. वैद्यांच्या पायी पडून मेलेल्या राजाचा कित्ता मी गिरवणार नाही. हे सर्व शांतपणे, अगदी स्क्रॅपचा शिक्का मारावा तसे. मी आवाज चढवला. तोही चढवू लागला. मी म्हणालो, "तुझी अक्कल कारखान्याबरोबरच भंगारात गेली." तो उठला, पाय ओढत जिन्यापर्यंत गेला, वळून म्हणाला, "माझ्या घरी परत पाय ठेवू नकोस." पुढच्या शुक्रवारी मनुकांचा पेला आला नाही.

वहिनी त्या शुक्रवारी दुपारी जिन्यात भेटल्या. पदराने डोळे पुसत नव्हत्या. रागावल्या होत्या, आणि ते अधिक वाईट होते. "लेकीनं फोनवर सांगितलं तर फोन बंद करून ठेवलाय. फॅमिली डॉक्टर घरी आले, त्यांना दारातून परत पाठवलं. भावजी, आसाबिसा काही नाही हो. यांचे थोरले भाऊ असेच पायाच्या दुखण्यानं इस्पितळात गेले. आधी बोट काढलं, मग घोटा, मग गुडघा. मग आलेच नाहीत. हे तेव्हा रोज डबा घेऊन जायचे. त्यांना तो आसा सापडलाय, म्हणून बरं वाटतंय." एवढे बोलून त्या आत गेल्या. मी जिन्यात उभा राहिलो. तो माणूस राजांना घाबरत नव्हता, देवाला रीतसर घाबरत होता, पण त्या डब्याला मात्र फार घाबरत होता. आणि भीतीला हरकत घेता येत नाही. हरकत घेता येते ती निकालाला. म्हणून मी निकाल तपासायला घेतला. रात्रभर नाही, मला रात्री झोप लागते. सकाळी चहाच्या वेळी चूक सापडली, आणि ती इतकी ढोबळ होती की मी माझ्या बायकोला म्हणालो, "अगं, याने जिन्नसच उलटा धरलाय!" ती म्हणाली, "कपडे बदलून जा. बनियनवर नको."

दुपारी मी त्याची बेल वाजवली. आतले लाकडी दार उघडे होते, बाहेरचे जाळीचे दार बंद, कडी आतून. तो समोरच खुर्चीत होता, पाय स्टुलावर, पायाला प्लॅस्टिकची पिशवी. चेहरा उतरलेला, पण हनुवटी वर.

"तुला सांगितलं ना, पाय ठेवायचा नाही."

"ठेवत नाही. बाहेरच उभा आहे. एक निवाडा पाहिजे."

हे मी ओळखून होतो. इतर कोणत्याही विनंतीला त्याने नाही म्हटले असते. निवाड्याला तो नाही म्हणू शकत नाही. तो म्हणाला, "बोल."

"आसा. पास की स्क्रॅप?"

"स्क्रॅप."

"कशावरून?"

"वैद्यांकडे गेला. लिहिलेलं आहे."

"ते लिहिलेलं असू दे. तुझं गेज काय?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात विळीवरून उचललेला अर्धा नारळ तसाच.

"सगळ्या राजांना एकच गेज लावतोस ना? शौलाला, दावीदाला, रहबामाला? कुणी चूक दाखवली तर काय केलं? मग आसाला ते का नाही लावलंस? आसाला चूक कोणी दाखवली होती?"

"तू मला शास्त्र शिकवणार?"

"मला तूच शिकवलंस. याच बाकावर, म्हणजे खालच्या. नाव सांग."

तो पिशवीची गाठ चाचपत म्हणाला, "हनानी. द्रष्टा."

"आसाने त्याचं काय केलं?"

त्याने स्टुलावरचा पाय जरा सरकवला.

"मी सांगतो. रागावला आणि कैदेत टाकला. आणि पाय कधी दुखायला लागले, आधी की नंतर?"

"नंतर," हे वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे जिन्नस पायाशी नापास झाला नाही. त्याच्या आधीच झाला होता, कैदखान्यात. वैद्यांकडे गेला हा त्याचा दोष असेल नसेल. हिज्कीयाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला, तो काय वैद्य नव्हता? तेव्हा हिज्कीया पास आणि आसा स्क्रॅप, हे अंजिरावरून ठरत नाही. द्रष्ट्यावरून ठरतं. आता तू बघ. फॅमिली डॉक्टर आले, ते दाराबाहेर. लेकीने सांगितलं, तिचा फोन बंद. मी सांगितलं, मी या गजांच्या मागे उभा. बोल, आसा कोण आहे?"

जाळीचे दार खरोखरीच मधे होते, आणि मी दोन्ही हातांनी गज धरले होते, हे मला तेव्हा लक्षात आले. जिन्यात चेअरमन येऊन उभे राहिले होते, ते म्हणाले, "काय झालं काका, लॉक अडकलं काय?" मी त्यांना हाताने गप्प केले. चेअरमनच्या आवृत्तीतले खडसावणे ते एवढेच.

शेजारी पायावरच्या पिशवीकडे पाहत होता. त्याची हनुवटी खाली आली. राजांचा न्याय करताना तो कधी इतका वेळ घेत नसे. शेवटी तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "दादाचा पाय असाच होता रे."

"ठाऊक आहे."

"चुकलं माझं."

एक वाक्य. मी गजांवरचे हात सोडले. वहिनींनी नारळ टेबलावर ठेवला आणि कडी काढली.

त्यानंतरही त्याने एक प्रयत्न केला. "आज शनिवार. गाडीत बसत नाही. उद्या जाऊ." वहिनी चपला घालत होत्या. "जीव वाचवायला शनिवार मोडतो, हे तुमच्याच वडिलांनी मला लग्नात सांगितलंय. उठा." मी आणि चेअरमनने त्याला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणले. गाडी चेअरमनची, ए.सी. चांगला, हे मी मान्य करतो. लेकीचा फोन गाडीत लावला. ती रडली खरी, पण तेव्हा बाप आधीच मागच्या सीटवर बसलेला होता, म्हणून तळमजल्यावरच्या बाईंचा क्रम चुकलेला आहे. आणि तरुण मंडळींसाठी: तो घाबरलेला होताच, आधीपासून होता. घाबरून घरी बसला होता. गेला तो घाबरणे संपल्यावर.

इस्पितळातल्या बाकावर मी आणि वहिनी बसलो होतो. सर्जन बाई बाहेर आल्या, लहानसर, चष्मा डोक्यावर. म्हणाल्या, करंगळी काढावी लागली, पाय वाचला, आणखी उशीर केला असतात तर घोट्याचं सांगता आलं नसतं. वहिनींनी मान हलवली, मग त्यांचा हात माझ्या हातावर आला, आणि आम्ही दोघे तसेच, एकमेकांकडे न पाहता, बराच वेळ बसून राहिलो. मला इतके हलके वाटत होते की मी कँटीनमधला चहासुद्धा नापास केला नाही. शुद्धीवर आल्यावर शेजाऱ्याने पांढऱ्या पट्टीकडे पाहिले, मोजदाद केली, आणि कोरड्या ओठांनी म्हणाला, "रहबामाची करंगळी गेली एकदाची." मग जरा थांबून, "पाय रिवर्क. पास." मी म्हटले, "पुढच्या तपासणीपर्यंत." तो झोपला.

वहिनींनी एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलला होता. तो फेडायला त्यांच्या घरी ठाण्याहून, कुर्ल्याहून नातलग पुरुष गोळा झाले, कारण त्या प्रार्थनेला पुरेसे पुरुष लागतात. मी मोजणीत धरला जात नाही, म्हणून मला कडेला खुर्ची मिळाली. भल्या मोठ्या ताटात पोहे, ओल्या नारळाचा कीस, साखर, वेलची, बेदाणे. वर कडेने फळे. मला आमच्या आजोळच्या गोड्या पोह्यांची आठवण झाली, पण ते मी बोललो नाही. दर फळावर वेगळा आशीर्वाद म्हणत होते. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीवरच्याचा वेगळा. ताटात अंजिरेही होती. अंजिरांचा हंगाम नव्हता, शेजाऱ्याने सुकी आणवली होती, आणि एक अंजीर उचलून माझ्या बशीत ठेवत तो नातलगांना म्हणाला, "हा आमचा यशया. मालवणी आहे, कुर्ल्या खातो. चालवून घ्या." सगळे हसले. त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा ताटापलीकडे बसला होता. शेजाऱ्याने त्यालाही एक अंजीर दिले, आणि त्याच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला.

बरे झाल्यावर मात्र तो बिघडला. येईल त्याला मोजा काढून पाय दाखवू लागला. दूधवाल्याला, वॉचमनला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. मी म्हटले, "हिज्कीया बरा झाला, तेव्हा बाबेलच्या पाहुण्यांना सगळा खजिना उघडून दाखवत बसला. पुढे त्याच लोकांनी तो लुटून नेला ना?" त्याने मोजा चढवला. चेअरमनला मात्र जिन्यात पुन्हा एकदा दाखवलाच. ती वॉर्निंग होती, असे म्हणतो.

आता तो काठी घेऊन खाली येतो. मी आधी येऊन बसतो आणि जिन्यावर काठीचा आवाज ऐकत राहतो. आवाज मधेच थांबला की मी उठून उभा राहतो, आणि पुन्हा सुरू झाला की बसतो. हे कोणी पाहिले असेल तर त्याने ते तसेच सांगावे, वाढवून नव्हे. शौलापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. आसा आला तेव्हा त्याने हनानीची हकीगत आधी सांगितली, पायाची नंतर, आणि निकाल देण्याआधी माझ्याकडे पाहिले. मी हरकत घेतली नाही. मग हिज्कीया झाला, मनश्शे झाला, गेल्या शनिवारी योशीया संपला. सूर्य बदामाच्या मागे गेला होता. वहिनी वरून गॅलरीतून पाहत होत्या.

"पुढच्या शनिवारी ते चार," मी म्हणालो. "भंगाराचा टेंपो."

तो काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता. शेवटच्या राजापाशी सारे संपते, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. इतकी वर्षे ते आम्ही एका बैठकीत उरकले. त्याने पाय जरा पुढे केला, मागे घेतला.

"शौलाचं परत एकदा बघायला पाहिजे रे," तो म्हणाला. "इतकी वर्षं घाईत स्क्रॅप करत आलो त्याला. तेव्हा मेंढरं नीट मोजली होती का कुणी?"

चार राजांची सुनावणी बाकी असताना पुन्हा पहिल्यावर जाणे हे कामकाजाच्या कोणत्याही नियमात बसत नाही. मी आयुष्यभर एवढ्यावरून भल्याभल्यांशी भांडलो आहे.

"घेऊ," मी म्हणालो. "शौलापासून घेऊ."